इंदुरात बिअर घेताना: दुकानातली बाटली की ब्रुअरीतला ग्लास?

नेहमी स्ट्राँग, म्हणजे जास्त अल्कोहोलची बाटलीतली बिअर पिणारा माणूस विजय नगरकडच्या एखाद्या ब्रुअरी पबमध्ये, म्हणजे बिअर तिथेच बनवणाऱ्या पबमध्ये, पहिल्यांदा गेला की हमखास म्हणतो, "महाग आहे आणि चढतही नाही." त्याचं म्हणणं खरं आहे. ६५० मिलीच्या, ८ टक्क्यांच्या बाटलीत ५२ मिली निव्वळ अल्कोहोल असतं, म्हणजे व्हिस्कीचे ३० मिलीचे चार पेग. पबमधल्या ५ टक्क्यांच्या ५०० मिली ग्लासात ते २५ मिलीच असतं. नशेच्या हिशेबाने ताजी बिअर परवडणारच नाही. ती घ्यायची चवीसाठी.

स्ट्राँगमध्ये चव शोधू नका. जोर वाढवायला माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) जोडीला बरेचदा साखर, तांदूळ किंवा मका वापरतात. त्याने अल्कोहोल वाढतं, बिअर तोंडाला पातळ लागते आणि घशाला चटका बसतो. तो जाणवू नये म्हणून ती बर्फगार करूनच प्यावी लागते.

किंगफिशर प्रीमियमसारखी माइल्ड लागर, म्हणजे कमी अल्कोहोलची फिकट बिअर, मात्र कमी लेखू नये. मे महिन्याच्या उकाड्यात, सोबत लौंग सेव असेल तर ३ ते ५ अंशांवरची माइल्ड इतर कुठल्याही बिअरपेक्षा बरी. गाळलेली आणि पाश्चराइज केलेली असल्याने प्रत्येक बाटली सारखी लागते. फक्त भरल्याची तारीख बघा, तीन महिन्यांच्या आतली घ्या. उन्हात ठेवलेली हिरवी किंवा पारदर्शक बाटली नको; प्रकाशाने हॉप्समधली (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांमधली) द्रव्यं मोडतात आणि उग्र दुर्गंधी येते. तपकिरी बाटली किंवा कॅन बरा. गरम गोदामात पडून राहिलेल्या बिअरला ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते, मग कितीही थंड करा.

पबमध्ये टॅपवर, म्हणजे नळातून मिळणाऱ्या बिअरमध्ये, पहिला ग्लास हेफेवाइझेन या गव्हाच्या जर्मन बिअरचा घ्या. निम्म्याहून जास्त माल्ट गव्हाचं, आणि यीस्ट न गाळल्यामुळे रंग गढूळ. केळं-लवंगेचा वास यीस्टमधूनच येतो, वरून काही घातलेलं नसतं. ती ६ ते ८ अंशांवर प्यायची. बर्फ मागितलात तर तो वास मरतो आणि पैसे वाया जातात. विट ही गव्हाची बेल्जियन बिअर त्याहून हलकी, धणे आणि संत्र्याच्या सालीची. बाटलीत चाखायची तर बीरा व्हाइट त्याच वळणाची.

ताजी म्हणजे चांगलीच असंही नाही, आणि इथेच लोक फसतात. लोण्यासारखा वास आला तर बिअर पुरती मुरण्याआधीच काढलेली असते, नाहीतर नळी धुतलेली नसते. नळ्या दोन आठवड्यांतून एकदा तरी धुवायलाच हव्यात. व्हिनेगरचा आंबटपणा म्हणजे जंतू शिरलेत. ग्लास परत करा. सगळ्यात जास्त खपणारी कुठली ते विचारा, कारण संथ खपणाऱ्या बिअरची टाकी जुनी होते. आधी घोटभर चाखायला मागा, बहुतेक ठिकाणी देतात.

आयपीए, म्हणजे भरपूर हॉप्सची कडवट बिअर, पहिल्याच दिवशी नको. हॉप्सचा कडवटपणा आणि इंदुरी तिखट एकत्र आले की जीभ भाजते. ती घेतलीच तर पनीर टिक्क्यापेक्षा चीज किंवा तळलेलं काही मागवा. स्टाउट ही काळी बिअर जेवणानंतर, गुलाबजामसोबत: भाजक्या माल्टचा कडूपणा गोडाला तोलून धरतो. ती जरा कमी थंडच, ८ ते १२ अंशांवर मागा.