दिवाळी सिंगापूरची, मुक्काम भलतीकडे

१ नोव्हेंबर २०२४, लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ. माझ्या सासूबाई, वय ७४, सिंगापूरच्या वुडलँड्स या सीमानाक्यावर पासपोर्ट हातात धरून रांगेत उभ्या होत्या. दर वर्षी पूजेत मांडायचं चांदीचं नाणं रुमालात बांधून त्यांनी पर्समध्ये ठेवलं होतं. थोड्या थोड्या वेळाने मला विचारायच्या, "अगं, दिवेलागण झाली का?" झाली होती. आम्ही अजून पुलाच्या अलीकडेच होतो.

यंदाही बडोद्यात 'परदेशात दिवाळी'ची पत्रकं फिरू लागली आहेत आणि मजकूर जवळपास आम्हाला फसवणाऱ्या सहलीच्या पत्रकाचाच आहे, म्हणून हे लिहिते आहे.

सासरे गेल्यापासून आईंना दिवाळीत घर खायला उठतं. आमचा मुलगा बंगळुरूला, त्याला रजा नाही. २०२४ च्या गणपतीत दांडिया बाजारात आमच्या भागातल्या कार्यक्रमात एक गृहस्थ टेबल मांडून बसले होते. मराठी अस्खलित. आईंना वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "काकू, उटणं आपलं, फराळ आपला, पूजेला गुरुजी, स्वयंपाकाला महाराज बरोबर. फक्त गाव सिंगापूर." आईंचा चेहरा इतक्या दिवसांनी खुललेला पाहिला आणि आम्ही दुसरीकडे कुठे दरसुद्धा विचारला नाही. आपला माणूस, आपली भाषा, आपला सण. याच्यापुढे आमची चौकशी थांबली. मला आजही सगळ्यात जास्त चीड याचीच येते.

पत्रकावर 'लिटिल इंडियात फटाक्यांची आतषबाजी' असं ठळक छापलं होतं. लिटिल इंडिया म्हणजे सिंगापुरातली भारतीय वस्ती. सिंगापुरात लोकांनी फटाके उडवण्यावर १९७२ पासून कायद्याने बंदी आहे. मोबाइलवर दोन मिनिटांत कळलं असतं. ही एक ओळ तपासली असती तर बाकीचं सगळं पत्रक आम्ही वेगळ्या नजरेने वाचलं असतं.

माणशी १,१८,००० प्रमाणे तिघांचे ३,५४,०००. कंपनीच्या खात्याचं काहीतरी काम चालू आहे म्हणून पैसे एका बाईंच्या खात्यावर यूपीआयने टाकायला सांगितले. एका दिवसाला लाखाची मर्यादा, म्हणून चार दिवस टाकत होतो. चार दिवसांत एकदाही आमच्या मनात आलं नाही की ह्या बाई कोण. परदेशी सहलीवर तेव्हा लागायचा तो पाच टक्के टीसीएस (विक्रेत्याने आपल्याकडून घेऊन सरकारकडे भरायचा कर), १७,७००, रोख घेतला. पावतीवर जीएसटी नंबर नव्हता.

कार्यक्रमपत्रिकेत हॉटेलचं नाव नव्हतं. 'थ्री स्टार किंवा तत्सम, सिंगापूर परिसर' एवढंच. सगळी मेख त्या 'परिसर' शब्दात होती.

३० ऑक्टोबरला सिंगापूरच्या चांगी विमानतळावर उतरलो आणि बस थेट सीमेकडे निघाली. मुक्काम मलेशियातल्या जोहोर बाहरूला. तिथली हॉटेलं सिंगापूरपेक्षा कितीतरी स्वस्त पडतात. भारतीयांना त्या वेळी मलेशियाचा व्हिसा लागत नव्हता, त्यामुळे घरून निघताना शंका यावी असं काही हातात आलंच नाही. मलेशियात आगमनाचं ऑनलाइन कार्ड कंपनीनेच परस्पर भरलं होतं. विचारलं तर म्हणे, "वहिनी, वीस मिनिटांचा तर पूल आहे."

पूल आहे एक किलोमीटरचा. पण सिंगापूरच्या नाक्यावर उतरा, तपासणी, परत बसमध्ये. पलीकडे पुन्हा उतरा, पुन्हा रांग. जाताना तेच, येताना तेच. त्यात ३१ तारखेला दोन्ही देशांत दीपावलीची सुट्टी, पुढे आठवडाअखेर, म्हणून गर्दी. आपली नरक चतुर्दशी आणि तिथली दीपावली त्या वर्षी एकाच दिवशी होती. आईंनी पहाटे साडेतीनला उठून हॉटेलच्या छोट्याशा बाथरूममध्ये उटणं लावलं, कारण पाचला बस निघायची होती. महाराज नव्हते, गुरुजी नव्हते. फराळ म्हणून हातात दिलेल्या पाकिटावर बडोद्यातल्याच दुकानाचा पत्ता होता. लिटिल इंडियातल्या सेरंगून रोडवरची रोषणाई मात्र खरोखर डोळ्यांचं पारणं फेडणारी होती. ती बघायला आम्हाला चाळीस मिनिटं मिळाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला हॉटेलच्या हॉलमध्ये लक्ष्मीपूजन ठरलं होतं. आम्ही पोचलो रात्री साडेनऊला. काउंटरवरच्या मुलीने रजिस्टर फिरवून दाखवलं, हॉल कोणी घेतलाच नव्हता. खोलीत धुराचा अलार्म, म्हणून दिवाही लावता येईना. आईंनी चहाच्या ट्रेमधले कप उचलून बाजूला ठेवले, ट्रे पदराने पुसला, त्यावर नाणं ठेवलं, साखरेच्या दोन पुड्या फोडून नैवेद्य दाखवला आणि हळू आवाजात आरती म्हटली. मी बाहेर पॅसेजमध्ये जाऊन रडले.

परत आल्यावर त्या गृहस्थांनी दोनदा फोन उचलला, नंतर नाही. जुलैमध्ये रिटर्न भरताना ह्यांनी फॉर्म २६एएस (आपल्या पॅनवर सरकारकडे जमा झालेल्या कराचा तक्ता) उघडला तर आमच्या पॅनवर टीसीएसची नोंदच नाही. म्हणजे सरकारच्या नावाने घेतलेले १७,७०० सुद्धा त्यांच्याच खिशात. ज्यांनी असा टीसीएस भरला आहे त्यांनी आजच आपला २६एएस बघा आणि विक्रेत्याकडे फॉर्म २७डी, म्हणजे टीसीएस भरल्याचं प्रमाणपत्र, मागा. भरला असेल तर तो द्यावाच लागतो.

आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, तिला उत्तर आलं नाही. मग जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, आणि २०१९ च्या कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. व्हॉट्सअ‍ॅपवरचे बरेच मेसेज त्या गृहस्थांनी पुसले होते. कामाला आलं ते छापील पत्रक, जे आईंनी देवघराच्या खणात जपून ठेवलं होतं, आणि पासपोर्टवरचे मलेशियाचे शिक्के. समोरच्या पक्षाला नोटीस निघाली आहे.

त्या बसमध्ये आमच्याशिवाय एकोणीस जण होते. त्यांतलं कोणी हे वाचत असेल तर पत्रक, पावती, बँकेचं स्टेटमेंट, जे असेल ते शोधून ठेवा. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे, आपली नोव्हेंबर २०२६ च्या सुरुवातीला संपते.