शंभराच्या स्टॅम्पवर 'मिटलेली' केस

२०२१ च्या जूनमध्ये बांध कोरण्यावरून आमची आणि चुलत्यांची, म्हणजे तात्यांची, जुंपली. झटापटीत माझ्या हातातलं खोरं तात्यांच्या डोक्याला लागलं, चार टाके पडले. गुन्हा दाखल झाला. भारतीय दंड संहितेची ३२४ (घातक हत्यारानं दुखापत), ३२३ (साधी दुखापत), ५०४ (चिथावणारा अपमान), ५०६ (धमकी) ही कलमं. जामीन झाला, दोषारोपपत्र गेलं, तालुक्याच्या कोर्टात तारखा सुरू झाल्या. दोन वर्षांनी तात्यांच्या नातीच्या लग्नात दोन्ही घरं पुन्हा एका पंगतीला बसली आणि तात्या स्वतःच म्हणाले, "ती केस मिटवून टाक रे आता."

मिटवायला गेलो, तिथंच फसलो.

कोर्टाच्या फाटकासमोरच्या टपरीवर एक गृहस्थ बसायचे. पांढरा शर्ट, काळी पँट, बगलेत फायली. आपण वकील आहोत असं ते कधीच म्हणाले नाहीत, मीच तसं धरून चाललो. आधी म्हणाले, पोलिसांकडून 'सी समरी', म्हणजे केस बंद करण्याचा अहवाल, करून देतो. ही निव्वळ थाप होती हे आता कळतं. तसा अहवाल पोलीस तपासाअंती दोषारोपपत्राऐवजी पाठवतात. माझं दोषारोपपत्र तर कधीच कोर्टात गेलं होतं. मी घुटमळतोय हे पाहून त्यांनी दुसरा भाव सांगितला. तडजोडनामा आणि हायकोर्टातून 'क्वॉशिंग', म्हणजे केस रद्द करून घेणं, सगळं मिळून ४५ हजार.

शंभराच्या स्टॅम्प पेपरवर मजकूर टाइप झाला, आमच्या दोघांच्या सह्या झाल्या, नोटरीचा शिक्का बसला. वर मला बजावलं, "आता तारखेला यायचं नाही. आलात तर वरचं काम बिघडेल." पैशापेक्षा जास्त नुकसान या एका वाक्यानं केलं.

दीड महिन्यात व्हॉट्सॲपवर 'आदेश' आला. चक्क मराठीत. मुंबई उच्च न्यायालयाचे आदेश इंग्रजीत निघतात हे ठाऊक नसल्यामुळे मला उलट बरंच वाटलं, निदान वाचता तरी आलं! त्यावर याचिकेचा क्रमांकच नव्हता, नुसता पोलीस ठाण्याचा गुन्हा नंबर होता. तेही नजरेतून सुटलं. घरी पेढे आणले.

२०२४ च्या गणपतीत, ऐन आरतीच्या वेळी हवालदार दारात. सतत गैरहजर म्हणून अजामीनपात्र वॉरंट. मी मोबाइलमधला आदेश पुढं केला. "हे मला दाखवून काय उपयोग? कोर्टात दाखवा," म्हणाले. भला माणूस, उद्या सकाळी हजर राहा एवढं सांगून गेला.

सकाळी पहिल्यांदा खऱ्या वकिलाकडे गेलो. वकीलबाईंनी स्टॅम्प पेपर बाजूला सारला आणि सीएनआर नंबर विचारला. प्रत्येक केसचा हा १६ अंक-अक्षरांचा नंबर असतो. ई-कोर्ट्स ॲपमध्ये तो टाकल्यावर माझी केस प्रलंबित दिसली, चुकवलेल्या सगळ्या तारखांसकट. हायकोर्टाच्या संकेतस्थळावर माझ्या नावानं काहीच नव्हतं. सगळं मिळून पाच मिनिटांचं काम, आणि मी वर्षभर निर्धास्त होतो.

मग त्यांनी समजावलं. ३२३, ५०४, ५०६ ही कलमं तडजोडपात्र आहेत. तात्यांनी मॅजिस्ट्रेटसमोर उभं राहून सांगितलं की मिटतात. ३२४ तसं नाही. दोन्ही बाजू राजी असल्या तरी ते खालच्या कोर्टात मिटत नाही, लोकअदालतीतही नाही. त्यासाठी हायकोर्टच. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४८२ होतं, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं ५२८. वाद खासगी स्वरूपाचा असेल आणि खरोखर मिटला असेल, तर हायकोर्ट केस रद्द करू शकतं, असं सुप्रीम कोर्टानं २०१२ मध्ये ग्यान सिंग प्रकरणात सांगितलं. खून, बलात्कार, दरोड्याला ही सवलत नाही. आणि 'करू शकतं' म्हणजे करेलच असंही नाही. तडजोडनामा हा त्या याचिकेचा एक कागद, बस्स. नोटरीच्या शिक्क्यानं केस संपत नाही.

वॉरंट रद्द करून घेतलं, नवा जामीनदार उभा केला. याचिकेसाठी पैसे जमवण्यात वर्ष गेलं. तेवढ्यात, १८ ऑगस्ट २०२५ ला, मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं आणि आमचा सातारा जिल्हा तिकडं जोडला गेला, त्यामुळे तात्यांना मुंबईला न्यायचा प्रश्न मिटला. संमतीच्या प्रतिज्ञापत्रावर त्यांनी सही केली आहे. वरचा आदेश येईपर्यंत तालुक्याची एकही तारीख चुकवत नाही. वकिलाची फी झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समिती असते, १५१०० हा फोन नंबर आहे. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्यांना फुकट वकील मिळतो. हे मला टपरीवर कोण सांगणार होतं!

त्या गृहस्थांविरुद्ध लेखी तक्रार दिली आहे. कोर्टाचा बनावट आदेश करणं हा सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा. पण ४५ पैकी ३५ हजार मी रोख दिले होते, पावती नाही. उरलेले १० हजार फोनवरून गेले, तेही भलत्याच नावाच्या खात्यावर. चौकशी चालू आहे, एवढंच ठाण्यातून सांगतात.

मागच्या तारखेला कोर्टातून बाहेर पडलो तर ते टपरीवरच. मला त्यांनी ओळखलं नाही. बाकावर सरकून जागा केली आणि विचारलं, "बसा की. कलम कुठलं लागलंय?"