रेड हेडेड स्ट्रेंजर : तारेची आस ऐकू येणारा अल्बम

अमेरिकेतला कंट्री संगीताचा (तिथल्या ग्रामीण लोकसंगीतातून आलेल्या गाण्यांचा) गायक विली नेल्सन याचा 'रेड हेडेड स्ट्रेंजर' हा 1975 चा अल्बम जेमतेम अर्ध्या तासाचा आहे आणि तो सलगच ऐकायचा आहे. फोनवर लावणार असाल तर आधी शफल बंद करा. एक चाल मध्येमध्ये परत येते, तिच्या धाग्यात पुढची गोष्ट ओवलेली असते. काही तुकडे मिनिटभराचेही नाहीत. क्रम मोडला तर हातात काही लागत नाही.

मी मिरजेत तंतुवाद्यं बनवतो. तार छेडल्यावर तिची आस किती वेळ टिकते, कुठे मध्येच बसते, जवारी (घोडीवर घासून तारेला येणारी झंकार) नीट खुलते की नाही, हे दिवसभर ऐकणं हाच माझा धंदा. त्यामुळे रेकॉर्डिंग ऐकतानाही माझं लक्ष पहिल्यांदा तिकडेच जातं. बहुतेक रेकॉर्डमध्ये एक सूर विझायच्या आत त्याच्यावर दुसरं काहीतरी येऊन बसलेलं असतं. या अल्बममध्ये तसं होत नाही. गिटारचा सूर लागतो, पसरतो, विरतो आणि मग पुढचा येतो. बासचा खर्ज खाली शांत बसलेला असतो. मिकी राफेलचा माउथ ऑर्गन येतो, दोन वाक्यं बोलतो आणि बाजूला होतो. इतकी मोकळी जागा ठेवायला हिंमत लागते. आमच्याकडेही भरपूर वाजवणारे पुष्कळ भेटतात, थांबणारे फार थोडे.

ही हिंमत विलीला उशिरा करता आली. साठच्या दशकात तो कंट्री संगीताची पेठ असलेल्या नॅशव्हिलमध्ये होता. दुसऱ्यांसाठी त्याने लिहिलेली गाणी गाजत होती, गायिका पॅट्सी क्लाइनचं 1961 चं 'क्रेझी' त्याचंच. पण त्याच्या स्वतःच्या रेकॉर्डवर कंपन्या व्हायोलिनचा ताफा आणि कोरस चढवायच्या, आणि त्याखाली त्याचा नाकातला, बोलल्यासारखा आवाज दबून जायचा. 1970 च्या डिसेंबरात नॅशव्हिलजवळच्या रिजटॉपचं त्याचं घर जळालं. पुढे तो टेक्सासात, ऑस्टिनला येऊन राहिला. कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीशी करार झाला तेव्हा रेकॉर्डमध्ये काय असावं आणि काय नसावं हे ठरवायचा हक्क त्याने स्वतःकडे ठेवला. मग 1975 च्या जानेवारीत डॅलसजवळच्या गारलंडमधल्या 'ऑटम साउंड' स्टुडिओत, आपल्याच साथीदारांना घेऊन, थोड्या दिवसांत त्याने हा अल्बम उरकला. खर्च चार हजार डॉलरच्या आसपास आल्याचं सांगतात. कंपनीतल्या लोकांना ऐकून वाटलं, हा तर कच्चा नमुना आहे, खरं रेकॉर्डिंग अजून व्हायचंय. विली अडून बसला आणि जसा होता तसा अल्बम निघाला.

बाकी सगळं जगजाहीर आहे. 'ब्लू आइज क्राइंग इन द रेन' कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. गायक म्हणून पहिल्या क्रमांकावर गेलेलं विलीचं हे पहिलंच गाणं, तेव्हा तो बेचाळीस वर्षांचा होता. या गाण्यासाठी विलीला ग्रॅमी पुरस्कार मिळाला, अल्बमच्या वीस लाखांवर प्रती खपल्या.

हे गाणं फ्रेड रोझ यांचं, चाळीसच्या दशकातलं, म्हणजे तेव्हाही जुनंच होतं. ते हेडफोन लावून एकदा फक्त लयीसाठी ऐका. गिटार सरळ चालत असते. विली मात्र शब्द कधी मात्रेच्या मागे ठेवतो, कधी आधीच टाकून मोकळा होतो आणि ओळीच्या शेवटी कसलीही घाई न करता लयीला येऊन मिळतो. आपल्याकडे बैठकीत गाणारा मुरलेला गवई बोल असे मागेपुढे खेळवतो तेव्हा जाणकार मान डोलावतात, तीच दाद इथेही द्यावीशी वाटते. मधला गिटारचा तुकडा तर मोजक्या सुरांचा आहे. एकही सूर दाखवण्यासाठी वाजवलेला नाही.

त्या गिटारबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. मार्टिन कंपनीची एन-20, 1969 मध्ये घेतलेली, नाव ट्रिगर. ही नायलॉनच्या तारांची, बोटांनी वाजवायची गिटार, म्हणून तिच्या तबलीवर (वरच्या पातळ लाकडी पाटावर) ओरखडे अडवणारी पट्टी नसते. विली ती प्लास्टिकच्या पिकने (तार छेडायच्या छोट्या चकतीने) वाजवतो. वर्षानुवर्षं पिक आणि बोटं घासून मूळ भोकाच्या खाली तबलीला दुसरं भोक पडलंय. घराला आग लागली तेव्हा आत शिरून त्याने ही गिटार बाहेर काढली होती. ऑस्टिनचा कारागीर मार्क अर्लेवाइन 1977 पासून तिची डागडुजी करतो. माझ्याकडे असं वाद्य आलं तर तबली बदला म्हणायचा मोह मलाही होईल. पण तबली बदलली की आवाज गेला, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. नायलॉनच्या तारेचा गोल, मऊ सूर आणि त्याच्या तोंडावर पिकचा टणक ठोका, हा मेळ या अल्बममध्ये स्वच्छ ऐकू येतो. स्टीलच्या तारेवर तो निघालाच नसता.

गोष्ट मात्र रक्ताळलेली आहे. एका धर्मोपदेशकाची बायको दुसऱ्याबरोबर निघून जाते. तो दोघांना शोधून मारतो आणि मेलेल्या बायकोचा घोडा सोबत घेऊन भटकत राहतो. पिवळ्या केसांची एक बाई त्या घोड्याला हात लावते, तर तिलाही गोळी घालतो, आणि गाणं म्हणतं की घोडा चोरणाऱ्या बाईला मारलं म्हणून कुणाला फाशी देता येत नाही. इथे मला प्रत्येक वेळी राग येतो. बायकोचं दुःख, तिची बाजू कुठेच नाही. ती बाई तर नाव नसतानाच मरते. विली हे निर्विकारपणे गातो, त्यामुळे खुन्याची कीव करायची की त्याला दोष द्यायचा हे आपल्यावर येऊन पडतं. पण नुसता निर्विकारपणा इथे पुरत नाही, असं माझं मत आहे. अल्बममधली ही खरी उणीव.

एलपीची (जुन्या तबकडीची) दुसरी बाजू मला जास्त आवडते. पहिली बाजू बॉबी नेल्सनच्या पियानोवरच्या एका जुन्या प्रार्थनेने संपते. बॉबी ही विलीची थोरली बहीण, दोघं लहानपणापासून एकत्र वाजवणारी, आणि ते एकमेकांना किती ओळखत होते हे पियानो कधी मागे सरतो त्यावरून कळतं. पुढे डेन्व्हरमध्ये उपदेशकाला कुणीतरी भेटतं, एक मेक्सिकन वॉल्ट्झ वाजतो, तोच आपल्यापैकी काहींनी सर्कशीत ऐकलेला असेल. 'डाउन यॉन्डर' थोडं भरतीचं वाटतं. पण 'हँड्स ऑन द व्हील'मध्ये थकलेला माणूस घरी पोचतो, आणि तिथे आवाजात आलेली ऊब आधीच्या सगळ्या कोरडेपणामुळेच एवढी लागते.

घ्यायचा असेल तर जुनी एलपी बघा, बाजू उलटण्याची जागा गोष्टीतच बरोबर बसवलेली आहे. 2000 साली निघालेल्या सीडीत शेवटी चार जादा रेकॉर्डिंग जोडलेली आहेत, त्यात 'बाख मिन्युएट इन जी' नावाचा एक तुकडाही आहे. ती वेगळ्या दिवशी जरूर ऐका, पण पहिल्यांदा ऐकताना मूळ अल्बममधलं शेवटचं 'बँडेरा' वाजून झालं की थांबवा.