बडोद्यातली शेअर्ड होस्टिंग सेवा: वेग ठीक, सेशनकडे दुर्लक्ष

दांडिया बाजारातल्या मंडळांची वर्गणी, क्लासची फी असल्या साइटसाठी ही स्थानिक सेवा (एकाच सर्व्हरवर अनेकांची खाती) पुरते. पानं चटकन उघडतात, फोनवर मराठीत बोलतात. तरी पाचपैकी तीनच तारे, कारण पीएचपी सेशनची, म्हणजे कोण लॉगिन आहे ते सर्व्हरवर फाइलमध्ये लक्षात ठेवायची, मांडणी अर्धवट.

लॉगिन केल्यावर पुन्हा लॉगिनचंच पान आलं, तर पासवर्डला दोष देण्याआधी एरर लॉग (सर्व्हरची चुकांची नोंदवही) उघडा. ‘परमिशन डिनाइड’, कोड १३, म्हणजे सेशनच्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगी नाही. पब्लिक एचटीएमएलच्या (साइटच्या जगाला दिसणाऱ्या फोल्डरच्या) बाहेर नवं फोल्डर करा, पीएचपी ज्या युजरखाली चालतं त्याच्या मालकीचं, परमिशन ७०० (फक्त मालकाला मुभा); सेशन सेव्ह पाथला, म्हणजे सेशन कुठे ठेवायची त्या पीएचपी सेटिंगला, त्याचा पूर्ण पत्ता द्या. सपोर्टवाले ७७७ (सगळ्यांना सगळी मुभा) देऊन मोकळे होतात. तसं करू नका, शेजारच्या खात्याला फोल्डरमधल्या फाइलींची यादी पाहून तुमची सेशनं पळवता येऊ शकतात.

कोड २८, ‘नो स्पेस लेफ्ट’, जास्त फसवा. डिस्क अर्धी रिकामी दिसते, संपलेले असतात आयनोड, म्हणजे फाइलींच्या नोंदींच्या जागा; दर फाइलीला एक लागतो. दर सेशनची एक चिमुकली फाइल, आणि झाडायला कोणी नाही! डेबियन-उबुंटू या लिनक्स सर्व्हरवर जीसी प्रोबॅबिलिटी (पीएचपीने स्वतः जुनी सेशनं झाडायची शक्यता) मुळात शून्य असते. सफाई ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम (क्रॉन किंवा सिस्टमडी टायमर) करतं, तीही मूळ सेटिंगमधल्या फोल्डरची. स्क्रिप्टमधून पाथ बदललात की तुमचं फोल्डर तुंबणार. तिथे प्रोबॅबिलिटी १ करा.

मॅक्स लाइफटाइम, म्हणजे वापराविना सेशन किती वेळ टिकतं ते, मुळात १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटं. फॉर्म अर्धा टाकून चहाला उठलेला माणूस परत येईतो लॉगिनमधून बाहेर, ३६०० ठेवा.