सोसायटीचं सामायिक वायफाय: आठ महिन्यांनंतर

फेब्रुवारीतल्या एका रात्री साडेदहाला आमचा प्रिंटर आपोआप सुरू झाला. घरात कुणीच काही छापत नव्हतं. तीन कागद बाहेर आले. वर शेजारच्या काकांचं नाव, खाली रक्तातल्या साखरेचे आकडे. घडी घालून नेऊन दिले. काकांनी दार ओढून घेतलं आणि हळूच विचारलं, "वाचलंस का गं?" त्यांचाही प्रिंटर त्याच कंपनीचा, फोनवर दोन सारखी नावं आली, त्यांनी वरचं दाबलं.

तोवर मी या वायफायचं सगळ्यांकडे कौतुक करत होते. डोंबिवलीतली आमची चार मजली, बारा बिऱ्हाडांची इमारत. गणपतीनंतर सोसायटीने एकच ३०० एमबीपीएसचं फायबर घेतलं आणि प्रत्येक मजल्याच्या जिन्यात एकेक ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय पसरवणारी डबी, लावला. महिना दीडशे रुपये. आधी मी एकटी ७०७ भरायचे, म्हणजे दरमहा ५५७ वाचतात. स्पीडची आजही तक्रार नाही. रात्री सगळे मॅच बघत असतात तेव्हाही माझी मीटिंग तुटत नाही.

पण त्या रात्री मी पहिल्यांदाच नेटवर्कवर काय काय दिसतं ते बघितलं. तीन टीव्ही, एक कॅमेरा, कुणाच्या तरी लॅपटॉपचा शेअर केलेला फोल्डर. बारा घरं एकाच खोलीत राहत असल्यासारखी. ॲक्सेस पॉइंटच्या सेटिंगमध्ये "एपी आयसोलेशन" असतं. ते चालू केलं की एका वायफायवरची उपकरणं एकमेकांना दिसत नाहीत. बसवणाऱ्याला फोन केला तर म्हणतो, "मॅडम, नेट चालतंय ना तुमचं? मग?" चार फोन, दोन आठवडे. एका टिकमार्कसाठी!

शेवटी त्याने ते चालू केलं, आणि इथे मला माझं मत बदलावं लागलं. माझ्याच फोनवरून माझाच प्रिंटर दिसेना, टीव्हीवर कास्ट होईना. शिवाय हे बंधन एकेका ॲक्सेस पॉइंटपुरतंच. ॲक्सेस पॉइंट केबलने ज्या डबीला जोडलेले असतात त्या स्विचमधून वरच्या मजल्यावरचा माणूस खालच्या उपकरणांपर्यंत येऊ शकतोच. म्हणजे ज्यासाठी मी भांडले ते अर्धंच औषध होतं.

मग माळ्यावरचा जुना राउटर काढला. जिन्यातल्या स्विचपासून घरात बारा मीटर केबल ओढली, ती राउटरच्या वॅन पोर्टला (बाहेरचं इंटरनेट आत घेणाऱ्या खाचेला) लावली, नाव-पासवर्ड स्वतःचा ठेवला, डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटणाने किंवा पिनने जोडायची सोय) बंद केलं, ॲडमिनचा मूळ पासवर्ड बदलला. आता माझी उपकरणं माझ्या राउटरच्या आड आहेत. बाहेरून सोसायटीला फक्त तो एक राउटर दिसतो.

पासवर्डचा राग मात्र गेलेला नाही. तो पहिल्या दिवसापासून लिफ्टशेजारच्या नोटीस बोर्डावर आहे. भाडेकरू गेले, पासवर्ड तोच. आमचं नेटवर्क डब्ल्यूपीए२ या वायफाय-सुरक्षेच्या पद्धतीवर चालतं. त्यात सगळ्यांचा पासवर्ड एकच असला की, तुमचा फोन जोडला जातानाची देवाणघेवाण टिपणारा तुमचा ट्रॅफिकही, म्हणजे येणारा-जाणारा डेटा, उलगडू शकतो. बँकेचं पान एचटीटीपीएसमुळे, म्हणजे साइटच्या स्वतःच्या कुलपामुळे, झाकलेलं राहतं, पण तुम्ही कुठल्या साइटवर आहात ते बऱ्याचदा कळतं. डब्ल्यूपीए३ या त्यानंतरच्या पद्धतीमध्ये ही वाट बंद केली आहे, पण आमच्याकडचे जुने टीव्ही त्यावर जोडलेच जात नाहीत.

आणि कनेक्शन सेक्रेटरींच्या नावावर. २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या वेळचा ईमेल नवी मुंबईतल्या एका घराच्या वायफायवरून गेला होता. वापरलं भलत्याच कुणी, चौकशी झाली ती ज्याचं वायफाय त्याची. हे मी मीटिंगमध्ये सांगितलं, तेव्हा कुठे बोर्डावरचा कागद निघाला. पासवर्ड अजून बदललेला नाही. मी दर रविवारी आठवण करते आहे.

दीडशे रुपये देत राहीन, कारण स्वतंत्र लाइन पुन्हा परवडणार नाही. मागच्या रविवारी काकांकडेही तसाच जुना राउटर बसवून दिला. पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा ते थांबले, माझ्याकडे बघत राहिले. मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले आणि त्यांनी एकेक अक्षर शोधत तो स्वतःच टाकला.