जुनी ओम्नी घेताय? आधी सीट उचलून बघा

मारुती ओम्नी 2019 मध्ये बंद झाली, पण विदर्भातल्या खेड्यांत बाजाराच्या दिवशी अजून तीच कामाला येते. 796 सीसीचं तीन सिलिंडरचं साधं इंजिन, पार्ट तालुक्याला मिळतात. गाडी चांगलीच आहे. तिचा खरा वैरी म्हणजे गरमी.

इंजिन पुढच्या सीटखाली कोंडलेलं, वरून मे महिन्याचं 45 अंशांचं ऊन. त्यात रेडिएटरमध्ये बोअरचं खारं पाणी ओततात! आत क्षार धरतो, नळ्या चोंदतात, इंजिन तापतं आणि हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) उडतं. म्हणून इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण काढून बघा. पाण्यावर तेलाचा तवंग किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा दिसला, तर गॅस्केट गेल्याची दाट शंका घ्या. गॅस्केट स्वस्त असतं; हेड उतरवणं, फेसिंग (हेड घासून सपाट करणं), ऑइल, कूलंट धरून साधारण 4 ते 6 हजार लागतात. हेडला तडा असेल तर जास्त.

गरम इंजिनातूनही निळा धूर निघत राहिला, तर बहुधा पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. इंजिन खोलावं लागेल, 15-20 हजार किमतीतून आधीच कापून मागा.

इंजिन तापल्यावरही रेडिएटरचा पंखा फिरत नसेल तर आधी फ्यूज, मग थर्मोस्विच (गरम झाल्यावर पंखा चालू करणारा स्विच) तपासा. तो खर्च किरकोळ आहे.