पाणथळीतल्या पक्ष्यांसाठी घेतलेलं लपण : आठ महिन्यांचा अनुभव

ऑक्टोबरमध्ये मागवलेलं हे लपण मे अखेरपर्यंत उजनी धरणाच्या फुगवट्यावर, कुंभारगाव आणि डिकसळच्या काठांवर वापरलं. लपण म्हणजे तंबू नव्हे. डोक्यावरून पायापर्यंत अंगावर ओढायचं कापड, त्यावर पानांसारखे कातरलेले तुकडे शिवलेले, डोळ्यांपुढे जाळी आणि लेन्ससाठी इलॅस्टिकचं भोक. साधारण २,५०० रुपये पडले.

जवळच्या भिगवणला बहुतेक जण रोहित (फ्लेमिंगो) बघायला येतात, त्याला होडी पुरते. मला हवे होते ते काठावरच्या लव्हाळ्यात आणि पाणकणसात दडणारे पक्षी, रंगीत पाणलावा आणि छोटी फटाकडी. पाणलावा धोका जाणवला की लगेच उडत नाही, जागच्या जागी थिजतो. चिखलाच्याच रंगाचा असल्यामुळे समोर असून दिसत नाही. आपण पुढे जातो आणि मग तो पायाखालून भर्रकन उठतो. फोटो तर जातोच, त्याचं सकाळचं खाणंही मोडतं.

पहिले तीन आठवडे एकही फोटो मिळाला नाही. मी उजाडल्यावर जाऊन बसत होते. आमचे नावाडी दादा म्हणाले, "ताई, तांबडं फुटायच्या आत बसा. ऊन आलं की ते गवतात शिरतंय." तेव्हापासून अंधारातच खताच्या रिकाम्या गोणीवर पालथी पडायला लागले.

जानेवारीतली एक सकाळ. तासभर काहीच नाही. मग चाळीसेक फुटांवर लव्हाळा हलला आणि मादी बाहेर आली. तांबूस गळा, डोळ्याभोवती पांढरं कडं. पाणलाव्यात मादीच जास्त रंगीत असते. मागचा भाग खालीवर हलवत तिनं चोच चिखलात खुपसली. वर काढली तेव्हा टोकाला चिखलाचा एक थेंब लोंबत होता. मागोमाग फिकट नर आला. कॅमेरा आवाज न करणाऱ्या शटरवर होता. वीस मिनिटं दोघं माझ्यासमोर चरत राहिले आणि मी तिथे आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. माझ्या मते लपणाची खरी किंमत इथे वसूल होते. कापडाच्या छापापेक्षा माणसाचा डोकं-खांद्याचा आकार मोडणं महत्त्वाचं, आणि ते काम हे कापड चोख करतं. पण आत हात हलला तर काही उपयोग नाही.

आता खटकलेल्या गोष्टी. पुढची पट्टी वेल्क्रोची आहे आणि पहाटेच्या शांततेत तिचा आवाज लांबवर जातो. मी ती उसवून कापडी बंद लावले. थंडीत श्वासाची वाफ जाळीत कोंडते आणि व्ह्यूफाइंडर धुरकटतो. मार्चनंतर नऊच्या पुढे आत बसवत नाही. गोखरू आणि कुसळं इतकी चिकटतात की घरी येऊन अर्धा तास वेचत बसावं लागतं. शिवाय रंग हिरवा. उन्हाळ्यात पाणी मागे सरतं, गाळपेर जमीन उघडी पडते, गवत वाळतं, आणि त्या पिवळ्या काठावर हे हिरवं ढेकूळ उठून दिसतं. पाणी हटेल तशी जागाही बदलावी लागते.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. घरट्याजवळ हे वापरू नका. पाणलाव्यात अंडी नर उबवतो, पिल्लंही तोच सांभाळतो. तो उठला तर त्याची जागा घ्यायला मादी येत नाही. फोनवर तिचाच आवाज वाजवून फटाकडीला बाहेर बोलावणारेही पाहिलेत. मला फटाकडी एकूण दोनदाच दिसली, एकदा नुसती पाठमोरी. तो पाठमोरा फोटो मी जपून ठेवलाय.

पावसाळ्यात धरण भरलं की काठ पुन्हा वर सरकेल. तोवर भोकाचं सैल झालेलं इलॅस्टिक बदलून घेतेय आणि पुढच्या उन्हाळ्यासाठी पेंढ्याच्या रंगाच्या चिंध्या शिवायला घेतल्यात.